चट्टा नसलेला कुष्ठरोग : दीड वर्ष संधिवात समजलेले एक प्रकरण

हा रुग्ण त्वचारोग विभागात आला तो कुष्ठरोगाच्या शंकेने नव्हे. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते : ‘संधिवात, दीड वर्ष स्टेरॉइडवर. दंड व मांड्यांवर दुखऱ्या गाठी, नसांचा त्रास. पॉलिआर्टरायटिस नोडोसाची शक्यता. गाठीची बायोप्सी करून कळवावे.’ पॉलिआर्टरायटिस नोडोसा म्हणजे मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांचा दाह (व्हॅस्क्युलायटिस). बायोप्सीचा रिपोर्ट जुळला की सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती जोरात दाबणारे औषध सुरू होणार होते. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर हुशार होता, हे आधीच सांगून टाकतो. त्याचा तर्क कागदावर नीट बसत होता, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगे आहे.

रुग्ण ४१ वर्षांचा पुरुष, व्यवसायाने वेल्डर. दीड वर्षापूर्वी सुरुवात तापाने झाली. ताप संध्याकाळी चढायचा, सोबत दोन्ही मनगटे, घोटे आणि बोटांचे सांधे सुजायचे. सकाळी मूठ वळायला तासभर जायचा. तपासण्यांत दाह दाखवणारे ईएसआर ९२, सीआरपीही चांगलेच वाढलेले आणि आरए फॅक्टर (संधिवातात सापडणारे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह. संधिवाताचे निदान झाले. रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट सुरू झाले. चार दिवसांत ताप उतरला, सांधे मोकळे झाले. औषध लागू पडले म्हणजे निदान बरोबर, असे सगळ्यांनीच धरून चालले.

पण स्टेरॉइड सुटेना. ‘गोळी दहावर आणली की आठवड्यात पुन्हा सुरू,’ हे त्याला पाठ झाले होते. डोस उतरला की ताप, सांधे आणि आता नव्यानेच दंडांवर, मांड्यांवर, कधी चेहऱ्यावर लालसर दुखऱ्या गाठी. त्या चार-पाच दिवसांत बसायच्या, मागे काळसर डाग ठेवायच्या, तोवर दुसरीकडे नव्या उठायच्या. एरिथेमा नोडोसम (त्वचेखालच्या चरबीच्या दाहाने उठणाऱ्या गाठी, क्षयरोगातही येतात) म्हणून क्षयरोगाचा शोध घेतला गेला. छातीचा एक्स-रे साफ निघाला. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) किंचित पॉझिटिव्ह आले, म्हणून ल्युपसचा विचार झाला आणि मागे पडला. सिफिलिससाठीचे व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आले, त्याची खात्री करणारे टीपीएचए निगेटिव्ह. ‘खोटे पॉझिटिव्ह’ असा शेरा मारून तेही फाइलमध्ये गेले.

मधल्या काळात एकदा उजवा वृषण सुजून दुखू लागला. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिले गेले, ठणका थांबला. नाक सतत चोंदलेले असायचे, अधूनमधून घोळणा फुटायचा. नाकाच्या डॉक्टरांनी आत खपल्या पाहून थेंब लिहून दिले. पावलांना सूज यायची, ती स्टेरॉइडच्या खाती जमा. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर सापडली आणि मधुमेहाने नसा खराब झाल्या असे ठरले. नसांच्या विद्युत तपासणीत उजव्या अल्नर नसेचा (कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस) वेग कोपरापाशी कमी आला, तर ‘कोपरात नस दबली आहे’ असा अर्थ लागला. वजन ६ किलोंनी घटले होते.

नाक, वृषण, नस, सांधे, कातडी, रक्त अशा सहा ठिकाणी एकच रोग बोलत होता आणि त्याचे ऐकणारे सहाजण वेगवेगळे होते. त्यांपैकी एकेकाचे उत्तर सुटे घेतले तर पटण्यासारखे आहे. शेवटी संधिवाततज्ज्ञांनी सगळी फाइल एकत्र मांडली आणि त्यांना पॉलिआर्टरायटिस नोडोसा दिसला. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या १९९० सालच्या निकषांत वृषणाचे दुखणे, नसांचा विकार, ४ किलो किंवा अधिक वजन घटणे आणि स्नायूंचे दुखणे हे चारही मुद्दे आहेत. १० पैकी ३ जुळले तरी पुरतात. इथे चार जुळत होते. मात्र ते निकष रक्तवाहिन्यांचा दाह आहे हे ठरल्यानंतर त्याचा प्रकार ओळखण्यासाठी आहेत, दाह आहे की नाही हे ठरवण्यासाठी नाहीत. वापरताना हा फरक सर्रास विसरला जातो.

तपासणीत काय दिसले

बायोप्सीसाठी गाठ निवडायची म्हणून अंगावरचे कपडे काढायला सांगितले. गाठी होत्याच, दंडांच्या बाहेरच्या बाजूला जास्त. नेहमीचा एरिथेमा नोडोसम नडग्यांवर येतो. इथे नडग्या जवळजवळ मोकळ्या होत्या आणि एक गाठ कपाळावर होती. चेहऱ्यावर गाठ आली की एरिथेमा नोडोसम हे नाव थोडे बाजूला ठेवावे, असा माझा आपला नियम आहे.

चेहरा भरलेला, तुकतुकीत. इतके महिने स्टेरॉइड घेणाऱ्याचा चेहरा असाच गोल होतो, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटले नव्हते. पण स्टेरॉइडने गाल भरतात, कानाच्या पाळ्या जाड होत नाहीत. या माणसाच्या दोन्ही पाळ्या चिमटीत धरल्या की लोण्यासारख्या मऊ लागण्याऐवजी जाड, भरीव लागत होत्या. भुवयांची बाहेरची टोके विरळ होती. त्याच्या बायकोला विचारले, तर ती म्हणाली, ‘दोन-तीन वर्षं झाली असतील. कामाच्या झळांनी गेल्या असतील असं वाटलं.’

अंगावर चट्टा एकही नव्हता, निदान ट्यूबलाइटखाली तरी. त्याला खिडकीशी तिरप्या उजेडात उभे केले, तेव्हा पाठीवर आणि कमरेच्या वर दोन्ही बाजूंना सारखेच पसरलेले, कडा न सापडणारे फिकट डाग अंधूक दिसले. त्यांवर कापसाच्या टोकाने स्पर्श केला, तर डोळे मिटूनही तो बोट नेमके तिथेच ठेवत होता. म्हणजे डाग होते पण बधीर नव्हते. कुष्ठरोग फक्त बधीर चट्ट्यावरून ओळखणारा इथेच थांबला असता.

उजव्या हाताच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर भाजल्याच्या खुणा होत्या, काही जुन्या, एक ताजी, फोड फुटलेली.

‘ठिणग्या उडतातच, डॉक्टर. या कामात भाजणं आलंच.’

‘ही कधी भाजली?’

त्याने हात वळवून पाहिला. ‘कालची असेल. लक्षात नाही आलं.’

वेल्डरच्या हातावर भाजल्याच्या खुणा असणे साहजिक आहे. कालचा फोड आज दुसऱ्याने दाखवल्यावर दिसणे साहजिक नाही. एका परीक्षानळीत कोमट आणि दुसरीत थंड पाणी घेऊन दोन्ही आळीपाळीने हाताच्या बाहेरच्या बाजूला लावल्या, तर दोन्ही त्याला सारख्याच लागल्या. कोपराच्या आतल्या खोबणीत मात्र फरक लगेच कळला. काखेत, जांघेतही कळला. नडग्यांच्या बाहेरच्या बाजूला, पावलांच्या पाठीवर, कानाच्या पाळीवर आणि नाकाच्या शेंड्यावर कळला नाही. शरीराचा जो भाग थंड, तो बधीर. जो उबदार, तो शाबूत. चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, हेही त्याने तेव्हाच सांगितले.

मधुमेहाच्या नसविकारात बधिरता पायाच्या बोटांपासून मोज्यासारखी वर चढते आणि घोट्यावर हातोडी मारली तर सहसा पाऊल हलत नाही. इथे दोन्ही घोट्यांचे रिफ्लेक्स ठणठणीत होते. कंपन कळत होते, बोट वर केले की खाली केले तेही कळत होते. वेदना आणि तापमान गेलेले, पण रिफ्लेक्स व सांध्यांची जाण टिकलेली, हे एकत्र आले की यादी फार छोटी होते.

मग नसा चाचपल्या. कोपर किंचित वाकवून, आतल्या हाडाच्या मागे बोटे ठेवून अल्नर नस वरच्या दिशेने मागोवा घेत गेलो. उजवीकडे ती पेन्सिलीएवढी जाड आणि दाबल्यावर दुखणारी, डावीकडे जाड पण न दुखणारी. मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला रेडियल त्वचानस हाडावर बोटाखाली सरकत होती. गुडघ्याच्या बाहेर, पोटरीच्या लहान हाडाच्या मानेपाशी पेरोनियल नस दोन्हीकडे जाड. उजवी करंगळी बाजूला नेऊन धरायला सांगितली, तर हलक्या दाबानेच आत येत होती. नस दबल्याने फुगते तेव्हा फुगवटा कोपराच्या बोगद्याशीच असतो. इथे सर्वांत जाड भाग त्याच्या काही सेंटिमीटर वर होता आणि नस दोन्ही हातांना जाड होती. पॉलिआर्टरायटिस नोडोसात नसेचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. रुग्ण रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी पाऊल लोंबते. त्यात नस अशी दोरखंडासारखी जाड होत नाही.

इथपर्यंत आलो तेव्हा बायोप्सीची वाट पाहण्याची गरज उरली नव्हती. पण कुष्ठरोगाचे निदान माणसाच्या आयुष्यावर इतके उतरते की ते डोळ्यांनी दिसावे, असे मला वाटते.

स्मिअर आणि जुना ठोकळा

स्लिट स्किन स्मिअर ही त्वचेतले जंतू पाहण्याची तपासणी करायला फार साहित्य लागत नाही, हात लागतो. कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत घट्ट दाबून पांढरी पडेपर्यंत धरायची, म्हणजे रक्त येत नाही. १५ नंबरच्या ब्लेडने साधारण ५ मिलिमीटर लांब आणि २-३ मिलिमीटर खोल छेद घ्यायचा. मग ब्लेड काटकोनात फिरवून छेदाची भिंत एकाच दिशेने दोन-तीनदा खरवडायची. ब्लेडच्या टोकावर रक्त नव्हे, गढूळ पाण्यासारखा द्रव आणि थोडा पेशींचा गाळ यायला हवा. तो काचेवर छोट्या वर्तुळात पसरायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. चिमटी मध्येच सुटली आणि रक्त मिसळले, तर स्मिअर वाया गेला असे समजावे. निगेटिव्ह आलेले बरेच स्मिअर मुळात रक्ताचे असतात.

झील-नील्सन रंगाई झाल्यावर काचेवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल कांड्या दिसतात. इथे त्या शोधाव्या लागल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक क्षेत्रात शेकड्याने, कुठे सुट्या, कुठे विड्यांच्या जुडीसारख्या एकत्र बांधलेल्या. या जुड्यांना ग्लोबाय म्हणतात. बॅक्टेरिऑलॉजिकल इंडेक्स ५+, म्हणजे एका क्षेत्रात १०० ते १००० जंतू. पुष्कळशा कांड्या अखंड, एकसारख्या रंगलेल्या होत्या. म्हणजे जंतू जिवंत असण्याची शक्यता मोठी.

नव्या गाठीच्या बायोप्सीत बाह्यत्वचेखाली मोकळा पट्टा, त्याखाली फेसाळ मॅक्रोफेज पेशींचे थर, आणि त्यांत व चरबीत घुसलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आल्या. खाली लेप्रोमॅटस (जंतू सर्वांगात पसरलेला) कुष्ठरोग, वर टाइप २ प्रतिक्रिया, म्हणजे एरिथेमा नोडोसम लेप्रोसम, रोजच्या बोलण्यातले ईएनएल.

फाइलमध्ये आठ महिन्यांपूर्वीचा एक बायोप्सी रिपोर्टही होता : ‘न्यूट्रोफिलिक लोब्युलर पॅनिक्युलायटिस.’ म्हणजे त्वचेखालच्या चरबीचा दाह. वर्णन बरोबर होते. आम्ही तो मेणाचा ठोकळा मागवून घेतला आणि त्याच्या नव्या कापावर कुष्ठरोगाचे जंतू दाखवणारी फाइट-फराको रंगाई करवली. जंतू तिथे होतेच. नेहमीच्या एच अँड ई रंगाईत ते दिसत नाहीत, आणि विनंतीपत्रावर ‘संधिवाताचा रुग्ण, व्हॅस्क्युलायटिस?’ एवढेच लिहिलेले असेल, तर पॅथॉलॉजिस्ट कुष्ठरोगाची रंगाई का लावेल? त्याला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर त्याने दिले.

चट्टा का नव्हता

कुष्ठरोगाचे जंतू एकच, पण रोग कसा दिसेल हे ठरवते रुग्णाची प्रतिकारशक्ती. १९६६ साली रिडली आणि जॉपलिंग यांनी मांडलेल्या वर्गीकरणाचा गाभा हाच आहे. एका टोकाला ट्युबरक्युलॉइड प्रकार : पेशींची प्रतिकारशक्ती कडवी, जंतू मोजके आणि कोंडलेले, पण त्या झटापटीत तिथल्या बारीक नसा लवकर नष्ट होतात. त्यामुळे एखाददुसरा, ठसठशीत कडेचा, ठार बधीर चट्टा. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस : पेशींचा प्रतिकार जवळजवळ शून्य, जंतू सर्वांगात, पण नसांमध्ये राहूनही ते त्यांना बराच काळ चालू ठेवतात. अशा रुग्णात चट्टे अंधूक किंवा नाहीतच, आणि असले तर सुरुवातीला बधीर नाहीत.

म्हणजे जंतू जितके जास्त, तितकी सगळ्यांना ठाऊक असलेली खूण कमी. ‘फिकट, बधीर चट्टा दिसला तर दाखवा’ हा प्रचार योग्यच आहे; बहुतेक रुग्ण त्यानेच सापडतात. पण तो ज्यांना सोडून देतो, ते सर्वाधिक जंतू बाळगणारे असतात. निदानाच्या तीन मुख्य खुणांपैकी पहिली चट्ट्याची. उरलेल्या दोन, जाड झालेली नस तिच्या हद्दीतल्या बधिरतेसह किंवा दुबळेपणासह, आणि स्मिअरमध्ये जंतू, या तितक्याच वजनाच्या आहेत. तिन्हींपैकी एक पुरते. व्यवहारात डॉक्टरांच्या डोक्यात पहिलीच राहते.

कुष्ठरोगाचा जंतू मायकोबॅक्टेरियम लेप्री शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड भागांत चांगला वाढतो. कान, नाक, भुवया, हाताची पाठ, नडगी, वृषण ही त्याची आवडती ठिकाणे, आणि या रुग्णाच्या तक्रारींची यादी नेमकी तीच होती. स्नायूंतले खोलवरचे तंतू उबेत असतात, म्हणून रिफ्लेक्स टिकतात. नाकातल्या खपल्या आणि घोळणा फुटणे ही लेप्रोमॅटस रोगाची अगदी आरंभीची लक्षणे. रुग्णाला विचारले तेव्हा कळले की नाक सांध्यांच्या आधीपासून चोंदत होते.

आता रक्ताच्या रिपोर्टांबद्दल. लेप्रोमॅटस रुग्णात पेशींचा प्रतिकार झोपलेला असला, तरी प्रतिपिंडे मुबलक तयार होतात, आणि त्यांत अनेक भलतीच असतात. आरए फॅक्टर, एएनए, कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे आणि त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह व्हीडीआरएल हे सगळे कुष्ठरोगात दिसते. म्हणजे फाइलमधले तीन ‘विसंगत’ रिपोर्ट विसंगत नव्हतेच, एकाच कारणाचे होते. अँटी-सीसीपी ही संधिवाताची अधिक नेमकी चाचणी मात्र कुष्ठरोगात बहुधा निगेटिव्ह राहते आणि इथेही निगेटिव्ह होते. दीड वर्ष सुजणाऱ्या सांध्यांच्या एक्स-रेमध्ये हाडाची एकही झीज नव्हती. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपी निगेटिव्ह, झीज नाही, ताप मात्र भरपूर : हा संधिवात पुन्हा तपासून पाहण्याजोगा असतो.

ईएनएल ही जंतूंच्या तुकड्यांवर उसळणारी दाहक प्रतिक्रिया आहे. ताप, सांधे, गाठी, नसांचा दाह, वृषणदाह, डोळ्यांतल्या बाहुलीच्या पडद्याचा दाह, पावलांची सूज, लघवीतून प्रथिने, असा सगळ्या अंगाचा हा आजार. बहुतेकांना ती उपचार चालू असताना किंवा नंतर येते, पण उपचारांच्या आधीही येते आणि मग तीच रोगाची पहिली ओळख ठरते. प्रेडनिसोलोन तिच्यावर उत्तम चालते. मेथोट्रेक्सेटही काही प्रमाणात चालते, स्टेरॉइड कमी करण्यासाठी ते ईएनएलमध्ये वापरलेही जाते. त्यामुळे ‘औषध लागू पडले’ हा पुरावा इथे कुचकामी होता. दाह दबत होता आणि त्याच औषधांच्या आडोशाने जंतू वाढत होते. वर सायक्लोफॉस्फमाइड चढले असते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

चकवण्याचे हे एकच सोंग नाही. निव्वळ नसांच्या कुष्ठरोगात कातडी पूर्ण साफ असते आणि रुग्ण लोंबणारे पाऊल घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो. हिस्टॉइड प्रकारात तुकतुकीत, टणक, वेगळ्या उठून दिसणाऱ्या गाठी येतात, त्या न्यूरोफायब्रोमा (नसांच्या निरुपद्रवी गाठी) वाटतात. मेक्सिकोत १८५२ साली वर्णन झालेल्या ल्युसिओ प्रकारात कातडी सर्वत्र सारखीच जाडावते आणि मग वेड्यावाकड्या जखमा पडतात, ज्यांना व्हॅस्क्युलायटिस म्हटले जाते. संधिवातासाठी टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाविरुद्धची इंजेक्शने सुरू झाल्यावर दडलेला कुष्ठरोग उघडा पडल्याच्या नोंदीही आहेत.

विसर पडण्यामागे एक प्रशासकीय कारणही आहे. जागतिक आरोग्य सभेने १९९१ साली ठरवलेले निर्मूलनाचे लक्ष्य, दर १०,००० लोकांमागे १ पेक्षा कमी रुग्ण, जागतिक सरासरीत २००० साली गाठले गेले. त्या मोजमापात उपचार चालू असलेले नोंदणीकृत रुग्ण धरले जातात, आणि उपचारांचा काळ आखूड झाला की तो आकडा आपोआप घटतो. नवे रुग्ण मात्र अजून दरवर्षी लाखाहून अधिक सापडतात. निर्मूलन या शब्दाने अभ्यासक्रमातले तास आटले, नसा चाचपायला शिकवणारे निवृत्त झाले. संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी ५ वर्षे, कधी २० वर्षेही लागतात. एवढ्या संथ रोगाला आकडेवारीच्या घाईशी देणेघेणे नाही.

उपचार

निदान सांगितले तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘पण मला चट्टा कुठे आहे?’

‘तुमच्या सगळ्या अंगाचाच एक चट्टा झाला आहे, म्हणून वेगळा दिसत नाही.’

बायको गप्प होती. मग म्हणाली, ‘मुलांना याच्याजवळ झोपू द्यायचं की नाही, तेवढं सांगा.’ झोपू द्यायचे, असे सांगितले. रिफाम्पिसिन या कुष्ठरोगावरच्या मुख्य औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता जवळपास संपते. भांडी, कपडे, अंथरूण काहीही वेगळे करायचे नाही. घरातल्या सर्वांना तपासले, कोणात काही सापडले नाही. त्यांना प्रतिबंधक म्हणून रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत या एका मात्रेने संपर्कातल्या लोकांमधला रोग पहिल्या दोन वर्षांत ५७ टक्क्यांनी घटला होता. संरक्षण पूर्ण नाही, म्हणून दरवर्षी तपासणी ठरवली.

बहुऔषधोपचार सुरू केला : महिन्यातून एकदा देखरेखीखाली रिफाम्पिसिन ६०० आणि क्लोफाझिमिन ३०० मिलिग्रॅम, रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५० मिलिग्रॅम, एकूण १२ महिने. डॅप्सोनआधी जी६पीडी तपासले, कारण हे विकर कमी असेल तर डॅप्सोनने लाल पेशी फुटतात. मेथोट्रेक्सेट बंद केले. डॅप्सोनसोबत ते रक्तपेशींना जड जाते. इतके महिने स्टेरॉइड घेतलेले आणि अजून घ्यायचे, म्हणून पोटातला स्ट्राँगिलॉइडिस जंत आयव्हरमेक्टिन देऊन आधीच संपवला. स्टेरॉइडच्या जोरावर तो जंत जिवावर उठू शकतो आणि ही पायरी गडबडीत राहून जाते.

स्टेरॉइड एकदम थांबवायचे नव्हतेच. उलट उजवी अल्नर नस दुखत होती आणि करंगळी दुबळी होती, म्हणून प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर नेले आणि सहा महिन्यांत हळूहळू उतरवायचे ठरवले. साखरेवर लक्ष, हाताला रात्री स्प्लिंट, डोळ्यांची तपासणी. ईएनएलसाठी थॅलिडोमाइडचा विचार झाला. १९६५ साली जेकब शेस्किन यांनी त्याचा हा उपयोग नोंदवला, तोही गर्भावरच्या भीषण परिणामांमुळे ते औषध बाजारातून गेल्यावर. ते वीर्यातही उतरते, त्यामुळे पुरुष रुग्णालाही कंडोमची काटेकोर सक्ती लागते. या जोडप्याशी बोलल्यावर आम्ही ते टाळले आणि क्लोफाझिमिनचा डोस तीन महिन्यांसाठी रोज ३०० मिलिग्रॅम केला. त्याने कातडी काळवंडते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण औषध गुपचूप सोडतो आणि चेहऱ्यावरून ओळख फुटेल या भीतीने तपासणीलाही येत नाही.

वर्षभरात ईएनएल दोनदा उसळले, दोन्ही वेळा आधीपेक्षा सौम्य. दुसऱ्या वेळेनंतर स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमच्या खाली आले आणि काही महिन्यांनी सुटले. साखर औषधाविना जागेवर आली. नाक मोकळे झाले. करंगळीची ताकद बरीचशी परतली, पण पूर्ण नाही. हातांच्या पाठीची आणि पावलांची बधिरता तशीच राहिली. नस इतके महिने आजारी राहिली की संवेदना परत येणे अवघड असते. त्याने वेल्डिंग सोडले नाही. कोपरापर्यंतचे हातमोजे, मऊ तळाची बंद पादत्राणे आणि रोज रात्री हातपाय डोळ्यांनी तपासायची सवय, असा मार्ग काढला. पहिले काही महिने ही तपासणी बायको करायची, आता तो स्वतः करतो.

१२ महिन्यांच्या उपचारांनंतरचा स्मिअर ४+ आला. हा आकडा पाहून कोणीतरी त्याला औषध लागू झाले नाही असे सांगितले आणि तो घाबरून आला. मेलेल्या जंतूंची कलेवरे शरीर फार सावकाश उचलते, इंडेक्स वर्षाला जेमतेम एका अंकाने उतरतो. काचेवर आता अखंड कांडी एकही नव्हती, सगळे तुकडे. हेच तुकडे पुढेही काही वर्षे ईएनएल उठवू शकतात. म्हणून त्याच्या कार्डावर ठळक लिहून दिले आहे : ‘कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण. ताप, सांधेदुखी, डोळा लाल होणे किंवा नस दुखणे यांपैकी काहीही झाल्यास आधी ईएनएलचा विचार करावा. बहुऔषधोपचार पुन्हा सुरू करण्याची गरज नाही.’